ऑइल घरी बदललं, पान्याचा दिवा मात्र जात नाही

बोनेटउघडा
इंजिन ऑइल, ऑइल फिल्टर आणि एअर फिल्टर घरीच बदलले. गळती नाही, डिपस्टिकवर पातळी वरच्या खुणेच्या किंचित खाली आहे. मीटरमधला पान्याचा दिवा मात्र ऐकत नाही. ट्रिपचं ०.० बटण दाबून धरून इग्निशन चालू करायची पद्धत वापरली. संदेश जातो, आणि पुढच्या वेळी गाडी चालू केली की पाना पुन्हा हजर.

हा दिवा नेमका कशावर पेटतो आणि गेल्यावर परत का येतो? कुठल्या गाडीत रीसेट कसा करतात तेही इथे एकत्र लिहा, म्हणजे पुढच्यांनाही शोधाशोध करावी लागणार नाही. गाडीचं नाव मुद्दाम देत नाही, नाहीतर तिसऱ्या प्रतिसादापासून कोणती कंपनी बरी यावर धागा जाईल.

आवळपक्कड
आधी कुठला दिवा ते पक्कं करा. तीन दिव्यांची सरमिसळ नेहमी होते.

पाना किंवा "सर्व्हिस ड्यू" अशी अक्षरं हा नुसता आठवणीचा दिवा. पिवळं इंजिनचं चित्र म्हणजे चेक इंजिन. तो एखादा सेन्सर किंवा यंत्रणा बिघडली की पेटतो आणि त्यामागे फॉल्ट कोड असतो. लाल तेलाची बुधली म्हणजे ऑइलचं प्रेशर पडलंय. ती चालत्या गाडीत पेटली तर बाजूला घ्या आणि इंजिन तिथल्या तिथे बंद करा, रीसेटबिसेट नंतर.

एक अपवाद: ऑइल बदलल्यावर पहिल्यांदा इंजिन चालू केलं की लाल बुधली काही सेकंद राहते, कारण रिकामा फिल्टर भरायला वेळ लागतो. तेवढ्यात अ‍ॅक्सिलरेटर दाबायचा नाही. ती विझेपर्यंत इंजिन आयडलिंगलाच ठेवायचं.

फ्यूजगेला
एवढा काथ्याकूट कशाला? बॅटरीची निगेटिव्ह काढा, पंधरा मिनिटं थांबा, लावा. सगळं शून्यावर.

तेरानंबरी
@फ्यूजगेला, नाही होत. सर्व्हिसची मोजणी कायमस्वरूपी मेमरीत लिहिलेली असते, वीज गेली तरी ती राहते. नाहीतर बॅटरी बदलली की प्रत्येक गाडीचं ओडोमीटरही शून्यावर आलं असतं. बॅटरी काढून जातं काय, तर घड्याळ, काही गाड्यांत स्टिरिओचा कोड, काचा एका दाबात वर जायची सवय आणि इंजिनने शिकलेलं आयडलिंग. म्हणजे पाना तसाच आणि वर चार कामं वाढली.

उलट ह्युंदाई-कियाच्या मॅन्युअलमध्ये स्पष्ट लिहिलंय की बॅटरीची केबल काढली किंवा बॅटरी उतरली तर सर्व्हिसचे उरलेले किलोमीटर आणि दिवस चुकीचे दिसू शकतात. त्यामुळे तिथे बॅटरी काढल्यावर आकडे तपासून पुन्हा भरायचे.

फ्यूजगेला
बरं, माघार. पण जुन्या गाड्यांत चेक इंजिन जायचा बुवा असा.

तेरानंबरी
जायचा, कारण तो फॉल्ट कोडवर चालतो. सर्व्हिस लाइट हे भिंतीवरचं कॅलेंडर आहे, गाडीची तब्येत त्याला कळत नाही. साध्या गाड्यांत तो ठरलेले किलोमीटर किंवा ठरलेले महिने, जे आधी भरेल त्यावर पेटतो. तुम्ही ऑइल बदललं हे त्याला सांगेपर्यंत कळणारच नाही, कारण ऑइल ताजं की जुनं हे बघणारा सेन्सर बहुतेक गाड्यांत नसतोच. थोड्या पुढच्या गाड्या इंजिनचे फेरे, तापमान, थंड इंजिनने केलेले छोटे प्रवास असं धरून ऑइलचं आयुष्य टक्क्यांत काढतात. तोही हिशेबच.

डिपस्टिक
गाडीवार पद्धती लिहितो. मॉडेल आणि वर्षानुसार फरक पडतो, त्यामुळे हे मॅन्युअल उघडण्याआधीची दिशा समजा. सगळीकडे इंजिन बंद आणि इग्निशन चालू लागतं, हे धरून चाला.

टोयोटा (जिथे "मेंट रिक्वायर्ड" दिवा आहे): मीटरवर ओडो किंवा ट्रिप ए आणायचं, कुठलं ते मॉडेलवर ठरतं. चावी बंद करायची. ट्रिपचं बटण दाबून धरायचं आणि न सोडता चावी ऑनवर न्यायची. पडद्यावर आडव्या रेघा एकेक करून सरकतात, शेवटी शून्य येतात, दिवा जातो. मग बटण सोडायचं. रेघा संपायच्या आत बोट उचललं की पहिल्यापासून.

होंडा मेंटेनन्स माइंडर: सिलेक्ट/रीसेट बटणाने ऑइल लाइफची टक्केवारी आणायची. तेच बटण दहाएक सेकंद धरलं की आकडा लुकलुकतो, सोडून पुन्हा पाचएक सेकंद धरलं की १०० टक्के. आकड्याशेजारी अक्षर असतं ते वाचा. ए म्हणजे नुसतं ऑइल, बी म्हणजे ऑइल-फिल्टर आणि ब्रेकसह इतर तपासणी. सोबतचे अंक: १ टायर अदलाबदल, २ एअर फिल्टर व केबिन फिल्टर, ३ गिअर ऑइल, ४ स्पार्क प्लग, ५ कूलंट, ७ ब्रेक फ्लुइड. रीसेट केलं की ऑइलसोबत दाखवलेले अंकही जातात. "बी १ २" दिसत असताना फक्त ऑइल बदलून रीसेट केलं, तर केबिन फिल्टरची आठवण गेली ती पुढच्या फेरीपर्यंत. मुदत उलटून गेली असेल तर किलोमीटर उणे चिन्हात दिसतात. तो बिघाड नाही.

फोर्डच्या बऱ्याच गाड्या: ब्रेक आणि अ‍ॅक्सिलरेटर दोन्ही पूर्ण दाबून वीसएक सेकंद, "रीसेट कम्प्लीट" येईपर्यंत. शेवरलेच्या जुन्या गाड्या: पाच सेकंदांच्या आत अ‍ॅक्सिलरेटर तीनदा पूर्ण खाली. ह्युंदाई-किया: सेटिंगमध्ये सर्व्हिस इंटरव्हल, किंवा सर्व्हिसचा पडदा समोर असताना ओके बटण दाबून धरणे. निसान: सेटिंगमधल्या मेंटेनन्समध्ये ऑइल-फिल्टरची ओळ.

मंदगती
दोन्ही पेडल दाबून वीस सेकंद? गाडी सुटली तर?

डिपस्टिक
इंजिन बंद आहे हो मंदगती. गिअर पार्कवर (पी) किंवा न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढून.

मंदगती
माझ्या गाडीला चावीच नाही, बटण आहे. दाबलं की इंजिनच चालू होतं. "इंजिन बंद, इग्निशन चालू" कसं करायचं?

आवळपक्कड
ब्रेकवर (गिअरच्या गाडीत क्लचवर) पाय न ठेवता बटण दाबायचं. काही गाड्यांत एका दाबात इग्निशन चालू होतं, काहींत पहिल्या दाबात नुसता स्टिरिओ आणि दुसऱ्या दाबात इग्निशन. मीटरमधले सगळे दिवे एकदम लागले की बरोबर जागी आलात. पाय ब्रेकवर राहिला की इंजिन चालू आणि रीसेट फुकट. सवयीने पाय तिथेच जातो, म्हणून आधी सीट मागे सरकवून बसा, हा अगदी गंभीर सल्ला आहे.

काजळी
डिझेलवाल्यांनी ऑइल न बदलता हा दिवा घालवायची चलाखी अजिबात करू नये. धूर गाळणारा डीपीएफ फिल्टर असलेल्या गाडीत साठलेली काजळी जाळायला सिलिंडरमध्ये उशिरा जास्तीचं डिझेल सोडलं जातं. त्यातलं थोडं न जळता सिलिंडरच्या भिंतीवरून खाली उतरतं आणि ऑइलमध्ये मिसळतं. जाळण्याची फेरी पुन्हा पुन्हा अर्धवट राहिली, म्हणजे रोज दोन-चार किलोमीटरच गाडी चालली, की हे वाढत जातं. डिपस्टिकवर पातळी कमी व्हायच्या ऐवजी चढलेली दिसते, बोटाला ऑइल पातळ लागतं आणि डिझेलचा वास येतो.

अशा काही गाड्यांत इंजिनचा संगणक या मिसळणीचा अंदाज मोजत असतो. रीसेट केलं की तो ती मोजणी नव्याने सुरू करतो, आत ऑइल मात्र जुनंच, पातळ झालेलं. बेअरिंग आणि टर्बो दोन्ही त्याच ऑइलवर जगतात.

आणखी एक: काही डिझेल गाड्यांत सर्व्हिसचे किलोमीटर आणि ऑइलचं खालावणं हे दोन वेगळे हिशेब आहेत. मेन्यूतून पहिला जातो, दुसरा फक्त स्कॅनरने (गाडीच्या संगणकाला जोडायचं यंत्र). @बोनेटउघडा, तुमची डिझेल आहे का?

बोनेटउघडा
पेट्रोल. पण माहिती भारी.

खटपट्या
स्कॅनरवरून विचारतो. ब्लूटूथवाला छोटा ओबीडी अडॅप्टर (गाडीच्या तपासणी सॉकेटमध्ये बसणारा) आहे, मोबाइलवर "क्लिअर कोड्स" असं बटण आहे. त्याने पाना जाईल?

तेरानंबरी
नाही. ते बटण सगळ्या गाड्यांना सामाईक असलेली ओबीडी आज्ञा पाठवतं, ती इंजिनाचे फॉल्ट कोड पुसते. पान्याचा हिशेब बहुतेक मीटरच्या संगणकात असतो आणि तिथे जायची भाषा प्रत्येक कंपनीची वेगळी. ज्या स्कॅनरच्या मेन्यूत "ऑइल रीसेट" किंवा "सर्व्हिस रीसेट" असं स्वतंत्र लिहिलंय आणि तुमचं मॉडेल यादीत आहे, तोच चालेल.

शिवाय ते बटण उगीच दाबण्यात तोटा आहे. कोड पुसताना गाडीने स्वतःच्या घेतलेल्या चाचण्यांचे निकालही पुसले जातात. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, ऑक्सिजन सेन्सर वगैरेंच्या चाचण्या पुन्हा पूर्ण व्हायला गाडी थंड-गरम, शहर-हायवे अशी बरीच चालावी लागते. ज्या प्रदूषण तपासणीत ओबीडी जोडतात तिथे "चाचण्या अपूर्ण" दिसलं की गाडी परत पाठवतात.

रेंचधारी
फोक्सवॅगन-स्कोडावाल्यांसाठी. जुन्या मीटरमध्ये: इग्निशन बंद, ०.० बटण धरा, इग्निशन चालू, बटण सोडा, प्रश्न आला की घड्याळाचं बटण किंवा पुन्हा ०.० दाबून होकार द्या. होकाराला थोडेच सेकंद मिळतात. नव्या गाड्यांत हेच टचस्क्रीनच्या सर्व्हिस मेन्यूत आहे.

यात एक गोम आहे. ज्या गाड्या लाँगलाइफ पद्धतीवर आहेत (वापरानुसार ३०,००० किमी किंवा २ वर्षांपर्यंत), त्यांतल्या जुन्या मीटरमध्ये बटणाने रीसेट केलं की गाडी ठरलेल्या अंतराच्या पद्धतीवर येते, म्हणजे १५,००० किमी किंवा १ वर्ष. पुन्हा लाँगलाइफवर न्यायला स्कॅनरने मीटरमध्ये साठवलेले आकडे बदलावे लागतात. माझं मत विचाराल तर नेऊच नका. छोटे प्रवास आणि गर्दीतलं चालवणं असेल तर १५,००० हाही जास्तच वाटतो.

बीएमडब्ल्यूमध्ये ऑइल, पुढचे ब्रेक पॅड, मागचे पॅड, ब्रेक फ्लुइड, सगळ्यांच्या वेगळ्या ओळी आणि प्रत्येकीचा वेगळा रीसेट. मीटरमधली तारीख चुकीची असेल तर हिशेबही चुकतो, म्हणून आधी तारीख. पॅड बदलून झिजेचा जुनाच सेन्सर ठेवला आणि त्याची तार घासून तुटलेली असेल तर रीसेट स्वीकारलाच जात नाही. दोष बटणाचा नसतो.

निवांत प्रवासी
प्यूजो-सिट्रोएनमध्ये ट्रिप बटण धरून इग्निशन चालू केलं की पडद्यावर उलटी गिनती होते, शून्य आलं की सोडायचं. रीसेटनंतर लगेच बॅटरी काढणार असाल तर गाडी लॉक करून किमान पाच मिनिटं थांबा, नाहीतर रीसेटची नोंदच होत नाही. हे मॅन्युअलमध्येच आहे. "गेला आणि परत आला" या तक्रारीचं हेही एक कारण असू शकतं.

मूळ प्रश्नाचा शोधकर्ता
पंधरा प्रतिसाद झाले, पाना अजून तिथेच आहे. चालू द्या, वाचतोय.

काजळी
पान्याला वाचायला येत असतं तर लाजून गेला असता.

खटपट्या
विषयांतर होतंय, पण ऑइल बदललंच आहे तर ड्रेन बोल्टचा वॉशर दर वेळी नवा लागतो का? जुनाच लावला तर गळतं असं काही जण म्हणतात, काही म्हणतात काही होत नाही.

आवळपक्कड
तांब्याचा किंवा अ‍ॅल्युमिनियमचा वॉशर एकदा दाबला गेला की चपटा होतो, दुसऱ्यांदा तेवढा बसत नाही. मग थेंब दिसतो, माणूस बोल्ट आणखी आवळतो, आणि अ‍ॅल्युमिनियमच्या ऑइल चेंबरचे आटे जातात. वॉशरच्या जागी चेंबर बदलायची वेळ येते. नवाच टाका. बोल्ट आधी हाताने पूर्ण बसवायचा, पाना शेवटी. आवळणी पुष्कळ गाड्यांत २५ ते ४० न्यूटन-मीटरच्या दरम्यान असते, तुमचा आकडा मॅन्युअलमधून घ्या आणि टॉर्क रेंच वापरा. लांब दांड्याच्या पान्याने अंदाज हमखास फसतो.

फिल्टरचं: जुना काढल्यावर त्याचं रबरी रिंग इंजिनला चिकटून राहिलंय का ते बोट फिरवून बघा. त्यावर नवा बसवला तर दोन रिंग होतात आणि इंजिन चालू होताच ऑइल जोरात बाहेर येतं. नव्या रिंगला ताजं ऑइल लावायचं, रिंग टेकली की हाताने साधारण पाऊण फेरा. कागदी काडतूस असेल तर झाकणाची ओ-रिंग नवी, आणि आवळणीचा आकडा बहुतेक झाकणावरच छापलेला असतो.

डिपस्टिक
आणि भरताना सांगितलेलं सगळं एकदम ओतू नका. अर्धा लिटर मागे ठेवा, इंजिन मिनिटभर चालवा, बंद करून पाच-दहा मिनिटं थांबा, मग सपाट जागी बघून उरलेलं थोडं थोडं घाला. दोन खुणांमधलं अंतर बऱ्याच गाड्यांत सुमारे १ लिटरचं असतं, म्हणजे पातळी मधोमध असेल तर अर्धा लिटर कमी.

बोनेटउघडा
सगळ्यांचे आभार. वरचं वाचून पडदा नीट बघितला. पहिल्यांदा पान्याशेजारी "ऑइल" अशी अक्षरं होती. आता रीसेटनंतर जो पाना येतो त्याच्याशेजारी "इन्स्प" आहे. मी दोन्हीला एकच समजत होतो. बॅटरी काढलेली नाही.

रेंचधारी
मग सुटलं की. तुमचा ऑइलचा रीसेट पहिल्याच वेळी झालाय. "इन्स्प" म्हणजे तपासणीची दुसरी मोजणी, ती स्वतंत्र चालते. दोन्ही जवळपास एकाच वेळी भरल्या, ऑइलचा संदेश आधी दिसत होता, तो गेल्यावर दुसरा दिसायला लागला. सर्व्हिस मेन्यूत दोन ओळी असतील, एक ऑइलची, एक इन्स्पेक्शनची. मेन्यू नसेल तर स्कॅनरमध्ये दोन वेगळे रीसेट दिसतील. ऑइलचं पुन्हा पुन्हा करून ते जाणार नाही.

तेरानंबरी
पण लगेच दाबू नका. तुम्ही केलंय ऑइल, फिल्टर आणि एअर फिल्टर. तपासणीची मोजणी बाकीच्यासाठी आहे. किमान एवढं बघा: चारही चाकांचे ब्रेक पॅड (३ मिमीच्या आसपास आले असतील तर बदला), आतल्या बाजूचा पॅडही, कारण तो बाहेरून दिसत नाही आणि ब्रेकची सरकती पिन जाम असेल तर आधी तोच संपतो. टायरच्या खाचेतल्या १.६ मिमीच्या उंचवट्यापर्यंत रबर आलंय का. ड्राइव्ह शाफ्टची रबरी बूट फाटून ग्रीस उडालंय का. बेल्टला चिरा, कूलंटची पातळी, बॅटरीच्या टर्मिनलवर पांढरं साठलंय का, केबिन फिल्टर. आणि ब्रेक फ्लुइडची तारीख.

मागे इलेक्ट्रिक हँडब्रेक असेल तर पॅड बघणं ठीक, पण बदलताना पिस्टन दाबून मागे ढकलू नका. आधी स्कॅनरने किंवा मेन्यूतून सर्व्हिस मोड लावावा लागतो, नाहीतर मोटर आणि तिचे गिअर तुटतात.

निवांत प्रवासी
+१. आणि घरी रीसेट केल्याने कंपनीच्या ऑनलाइन सर्व्हिस नोंदीत काही लिहिलं जात नाही. वॉरंटी चालू असेल तर तारीख, किलोमीटर, ऑइलचा ग्रेड आणि स्पेसिफिकेशन वहीत लिहा, ऑइल-फिल्टरची बिलं जोडा. ग्रेड म्हणजे नुसतं ५डब्ल्यू-३० नव्हे. डब्यामागे छापलेली मान्यता मॅन्युअलशी जुळायला हवी. ५डब्ल्यू-३० मध्येच डीपीएफला चालणारं आणि न चालणारं असे दोन्ही प्रकार मिळतात.

मंदगती
ब्रेक फ्लुइड कधी बदललं ते माहीतच नसेल तर? वरून तर स्वच्छ दिसतंय.

आवळपक्कड
रंगावर जाऊ नका. ते हवेतलं पाणी शोषत राहतं, दिसण्यात फारसा फरक पडत नाही. डॉट ४ (ब्रेक फ्लुइडचा एक दर्जा) कोरडं असताना किमान २३० अंश सेल्सिअसला उकळतं, ३.७ टक्के पाणी शोषल्यावर मानकाची अट १५५ अंशांवर येते. उतारावर ब्रेक तापले की त्यात वाफेचे बुडबुडे होतात आणि पेडल थेट खाली जातं. तारीख माहीत नसेल तर बदलायचंच, आणि त्या दिवसापासून दोन वर्षं मोजायची. जे झाकणावर लिहिलंय तेच घाला. डॉट ५ सिलिकॉनचं असतं, ते डॉट ३, डॉट ४ किंवा ५.१ मध्ये मिसळायचं नाही.

बोनेटउघडा
पॅड, बूट, बेल्ट, केबिन फिल्टर बघून घेतो. ब्रेक फ्लुइड बदलल्याशिवाय "इन्स्प"ला हात लावणार नाही. मेन्यूत दोन ओळी आहेत, सापडल्या.

फ्यूजगेला
बॅटरी काढायची नाही म्हणजे नक्की ना?

तेरानंबरी
नाही.